पुनर्जन्म : काय दाखवलं तर तुम्ही मत बदलाल?

उंबरठा

पुनर्जन्माच्या वादात मी आजवर एकाही माणसाला मत बदलताना पाहिलेलं नाही. मानणारे 'वासांसि जीर्णानि' म्हणून मोकळे होतात, न मानणारे 'मेंदू बंद, खेळ खलास' म्हणून. मग दोन्हीकडून शेलकी विशेषणं सुरू होतात. म्हणून प्रश्न जरा उलटा टाकतोय. तुमच्या सध्याच्या मताविरुद्ध नेमकं काय समोर आलं तर तुम्ही निदान 'थांबा, हे नीट बघायला हवं' एवढं तरी म्हणाल? 'काहीही आलं तरी नाही' हे उत्तर असेल तर तेही लिहा, पण मग पुढे वाद घालू नका. सगळ्यांचाच वेळ वाचेल.

माझं सांगतो. मी काठावरचा. आणि मला या विषयात ओढलं ते एका कुलपानं.

इयान स्टीव्हन्सन हे कॅनडात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हर्जिनिया विद्यापीठात मानसोपचार विभागाचे प्रमुख होते. लहान मुलं 'माझं आधीचं घर', 'माझी आधीची आई' असं काहीबाही बोलतात, त्या प्रकरणांमागे या माणसानं आयुष्यातली चाळीसेक वर्षं घातली. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, लेबनॉन, तुर्कस्तान, अलास्का असं सगळीकडे स्वतः फिरून दोन्ही घरच्यांच्या मुलाखती घेतल्या. १९६६ साली वीस प्रकरणांचं पुस्तक काढलं, १९९७ साली जन्मखुणांवरचे दोन खंड, दोन हजारांहून जास्त पानांचे. त्यांनी सुरू केलेल्या विभागाकडे आज अडीच हजारांवर प्रकरणं नोंदवलेली आहेत. एवढं करूनही 'सिद्ध झालं' असा दावा त्यांनी केला नाही.

आता कुलूप. १९६०च्या दशकात त्यांनी आकड्यांचं एक कुलूप घेतलं, आकडा स्वतः बसवला आणि ते विभागातल्या फायलींच्या कपाटाला लावून ठेवलं. आकडा कुणाला सांगितला नाही. तो लक्षात ठेवायची खूण फक्त त्यांच्या डोक्यात. मेल्यावर काही उरत असेल आणि जमलं, तर तो आकडा कळवायचा, असा बेत. २००७ साली ते गेले. कुलूप उघडल्याची बातमी काही अजून आलेली नाही.

उद्या एखाद्या पोरानं ती खूण सांगितली आणि कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं, तर मी मत बदलेन. तुमचं कुलूप कोणतं?

खडूसनाना

धागा बरा आहे, म्हणजे निदान प्रश्न तरी बरा आहे. कुलूप मात्र मला चालणार नाही. आकड्यांचं कुलूप चिकाटीनं बसणारा कुणीही उघडू शकतो. आणि उघडलं नाही म्हणून पुनर्जन्म नाही, असंही होत नाही. मेल्यावर माणसाला कुलपापेक्षा महत्त्वाची कामं असू शकतात. (हलकं घ्या.)

माझी अट साधी आहे. मूल जे बोललं ते आधी कागदावर, तारखेसकट. मेलेल्या माणसाचं घर शोधायचं ते त्यानंतर. बास.

कारण बहुतेक प्रकरणं घडतात कशी ते बघा. पोरगं तीन वर्षांचं. म्हणतं, 'माझं मोठं घर होतं, मी पडलो.' आई विचारते, 'कुठून पडलास? गच्चीवरून का?' पोरगं म्हणतं, 'हो.' आजी विचारते, 'तिकडे नदी होती का रे?' 'हो.' महिनाभरात गच्ची, नदी आणि दोन बहिणी जमा होतात. मग कुणाला तरी आठवतं की अमक्या गावात एक जण गच्चीवरून पडून गेला होता. दोन्ही घरं भेटतात, रडारड होते. संशोधक पोचतो तेव्हा या भेटीला दोन-चार वर्षं झालेली असतात. पोरगं भेटीच्या आधी काय बोललं आणि नंतर काय, हे तोवर कुणालाच सांगता येत नाही. यात लबाडी कुणाचीच नसते. आठवण अशीच बनते.

दुसरी गोष्ट. लेबनॉनमधल्या द्रुझ लोकांची श्रद्धा अशी की मरताक्षणी लगेच पुढचा जन्म, तोही माणसाचाच, आणि पुरुषाचा पुरुष, बाईची बाई. त्यांच्याकडच्या प्रकरणांत स्त्रीचा पुरुष झालेला सापडत नाही. ब्रह्मदेशात असं होऊ शकतं असं लोक मानतात, आणि तिथे अशी प्रकरणं ढिगानं सापडतात. ही आकडेवारी स्टीव्हन्सनचीच बरं का. आत्मा जाताना सीमेवर स्थानिक नियमावली वाचून जातो काय?

नचिकेत_दुसरा

नाना, यावर स्टीव्हन्सन यांचं उत्तर होतं की मरणाऱ्याची श्रद्धाच पुढचा जन्म ठरवण्यात भाग घेत असेल. 'बाई होणं शक्यच नाही' असं घट्ट धरून मेलेला माणूस बाई होत नसेल.

खडूसनाना

हे असं म्हटलं की काहीच चुकीचं ठरू शकत नाही. सापडलं तरी बरोबर, नाही सापडलं तरी बरोबर. अशा वादातून मी रजा घेतो.

न्यायप्रविष्ट

उंबरठा यांनी आधुनिक संशोधनापासून सुरुवात केली, पण 'पुरावा काय' हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सगळ्यांनी डोळे मिटून मानलं हा गैरसमज आहे. कठोपनिषदात नचिकेता यमाकडे तिसरा वर मागतो तोच मुळी शंकेचा : 'येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये अस्तीत्येके नायमस्तीति चैके'. माणूस गेल्यावर कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो, तर खरं काय ते सांग. आणि यम काय म्हणतो? देवांनाही याबद्दल पूर्वी शंका होती, दुसरं काहीतरी माग. हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, सगळं देऊ करतो, पण हे विचारू नकोस म्हणतो. चार्वाकांचं 'भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः' तर सगळ्यांना पाठच असतं.

पण मला सर्वांत आवडतो तो न्यायसूत्रांतला, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातला, वाद. तिसऱ्या अध्यायात सूत्रकार गौतम (बुद्ध नव्हे) म्हणतो, नुकतंच जन्मलेलं मूल स्तनाकडे ओढ घेतं. या जन्मात त्यानं दूध कधी प्यायलेलं नाही, मग इच्छा आली कुठून? आधीच्या सवयीतून. म्हणजे आधीचा जन्म. लगेच पुढच्याच सूत्रात तो प्रतिपक्षालाही बोलू देतो : लोखंड लोहचुंबकाकडे जातं तसंच हे, त्याला कुठली आलीय मागच्या जन्माची आठवण? आजचा जीवशास्त्रज्ञ जे म्हणेल ते जवळपास हेच. मग गौतम उत्तर देतो की लोखंड चुंबकाकडेच जातं, दगडाकडे जात नाही, म्हणजे तिथेही नेमकं कारण आहेच, तसं इथेही शोधायला हवं.

आज ते कारण आपल्याला ठाऊक आहे. उत्क्रांतीतून आलेली उपजत प्रतिक्रिया. गालाला बोट लावलं की अर्भक तोंड तिकडे वळवतं. त्यामुळे गौतमाचा हा पुरावा पडला असं माझं मत. मी स्वतः पुनर्जन्म मानतो, तरीही. माझं मानणं या युक्तिवादावर उभं नाही.

मावळता_मुसाफिर

एवढ्या चर्चेची गरजच नाही. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं हे अमेरिकेत काट्यावर मोजून सिद्ध झालेलं आहे. गूगल करा.

डॉ_रात्रपाळी

केलं. डंकन मॅक्डूगल, मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर, १९०७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. मरणासन्न रुग्णांच्या खाटा काट्यावर ठेवल्या. रुग्ण एकूण सहा. त्यातले दोन त्यांनी स्वतःच बाद धरले. २१ ग्रॅमचा आकडा एकाच रुग्णाचा, बाकीच्यांचे आकडे त्याच्याशी जुळत नाहीत. नंतर पंधरा कुत्र्यांवर तेच केलं, तिथे वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नसतो असा निष्कर्ष. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आता काय ते ठरवा.

मी अतिदक्षता विभागात काम करते, त्यामुळे 'मेल्यावर काय होतं' हा प्रश्न माझ्याकडे वेगळ्या दारानं येतो. हृदय थांबलं की दहा-वीस सेकंदांत शुद्ध जाते, थोड्याच वेळात मेंदूच्या वरच्या थराची विद्युत-रेषा सपाट होते. पण सगळ्या पेशी एका क्षणी मरत नाहीत. मृत्यू हा क्षण आम्ही कागदावर लिहितो, शरीरात तो तासन् तास चालतो.

परत आलेल्यांपैकी काही जण प्रकाश, बोगदा, गेलेली माणसं, वरून स्वतःचं शरीर पाहिलं असं सांगतात. हॉलंडमध्ये पिम व्हान लॉमेल यांनी हृदय बंद पडून वाचवलेल्या ३४४ रुग्णांना विचारलं, त्यातल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला (लॅन्सेट, २००१). माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं आहे ते उरलेले ८२ टक्के. त्यांना काहीच आठवलं नाही.

उंबरठांच्या कुलपासारखाच एक प्रयोग रुग्णालयांतही झालाय. सॅम पार्निया आणि सहकाऱ्यांनी खोल्यांमध्ये छताजवळ फळ्या बसवल्या आणि त्यावर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. कुणी खरंच वर तरंगत असेल तर चित्र दिसायला हवं. निकाल २०१४ साली आला. हृदय बंद पडण्याच्या दोन हजारांवर घटना, त्यातून बोलता आलं ते १४० जणांशी. डोळ्यांनी पाहिल्यासारखं वर्णन केलं दोघांनी. आणि गंमत अशी की त्या दोघांचं हृदय फळी नसलेल्या खोलीत बंद पडलं होतं. म्हणजे परीक्षा झालीच नाही.

२०२३ साली मिशिगनमधल्या गटानं श्वासयंत्र काढलेल्या चार रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी छापल्या. दोघांमध्ये शेवटच्या मिनिटांत गॅमा लहरींची, म्हणजे मेंदूतल्या वेगवान विद्युत-लहरींची, मोठी उसळी दिसली. कदाचित अनुभव इथूनच येत असतील. कदाचित. ते दोघेही परत आले नाहीत, त्यामुळे त्यांना काय दिसलं हे विचारता येत नाही.

एवढंच म्हणेन की जे परत येऊन सांगतात ते मेलेले नव्हते. दारापर्यंत गेलेल्याला आतली खोली विचारण्यात अर्थ नाही.

मावळता_मुसाफिर

डॉक्टर लोकांना सगळ्यात खोट काढायची सवयच असते. तुमच्या डोळ्यांसमोर इतके जातात, कधीच काही जाणवलं नाही?

डॉ_रात्रपाळी

जाणवतं की. जायच्या आदल्या एक-दोन दिवसांत बरेच रुग्ण गेलेल्या माणसांशी बोलायला लागतात. एक आजोबा दर थोड्या वेळानं मला बाजूला सरकायला सांगायचे, कारण मी त्यांच्या थोरल्या भावाच्या वाटेत उभी होते. शांतपणे, अजिबात भ्रमिष्टासारखं नाही, 'अगं, त्याला बसू दे' इतक्या साधेपणानं. मी सरकले. औषधं, कमी प्राणवायू, मूत्रपिंडं बंद पडल्यानं साठलेली विषद्रव्यं, यातलं काहीही कारण असू शकतं, आणि त्यांच्या कागदांवर तिन्ही होती. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.

बेरीज_वजाबाकी

भाबडा प्रश्न : पूर्वी माणसं मूठभर, आता आठशे कोटी. हे जास्तीचे आत्मे आले कुठून?

न्यायप्रविष्ट

हा प्रश्न दर वेळी येतो आणि त्याचं उत्तर सोपं आहे. आत्मा फक्त माणसातच फिरतो असं आपल्याकडच्या कुठल्याच मोठ्या दर्शनानं म्हटलेलं नाही. किडामुंगी धरली तर हिशेबाला पुरून उरतात. आणि केवळ माणसं धरली तरी आजवर जन्मलेल्यांचा अंदाज अकरा हजार कोटींच्या वर जातो. म्हणजे आज जिवंत असलेल्या प्रत्येकामागे तेरा-चौदा गेलेले आहेत. लोकसंख्येच्या गणितानं पुनर्जन्म सिद्धही होत नाही आणि पडतही नाही.

लालफीत

अवांतर : चीन सरकारनं २००७ साली नियम काढलाय, तिबेटी 'जिवंत बुद्धा'ला (म्हणजे आधीच्या लामाचा पुनर्जन्म मानल्या जाणाऱ्या लामाला) पुनर्जन्म घ्यायचा असेल तर सरकारी मंजुरी लागते. निरीश्वरवादी पक्षाचं सरकार, पण पुनर्जन्माचं खातं मात्र स्वतःकडे. अर्ज मेल्यावर करायचा की आधी, हे कळलं नाही.

अर्थात यामागे दलाई लामांच्या वारसाचं राजकारण आहे. १९३५ साली जन्मलेल्या सध्याच्या दलाई लामांना दोन वर्षांचे असताना तेराव्या लामांच्या वस्तू आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तू एकत्र दाखवल्या होत्या, आणि त्यांनी बरोबर त्याच उचलल्या, असं सांगतात. नानांच्या अटीत बसेल का हे?

खडूसनाना

वस्तू दाखवणाऱ्याला बरोबर वस्तू माहीत होती का? होती. मग नाही बसत. मुलं वस्तूकडे कमी आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात.

उंबरठा

चीनवरून आठवलं. लाइबनिट्झ या जर्मन तत्त्वज्ञानं विचारलं होतं : तुला चीनचा राजा करतो, पण अट अशी की तू कोण होतास ते तुला मुळीच आठवणार नाही. घेशील? त्याचं म्हणणं, मग ते तू नष्ट होऊन त्याच क्षणी चीनमध्ये एक राजा निर्माण होण्यापेक्षा वेगळं काय झालं? मला पुनर्जन्मातली खरी अडचण ही वाटते. बहुतेकांना मागचं काहीही आठवत नाही. मग 'मी' पुन्हा जन्मलो म्हणजे नेमकं कोण?

अनात्म

उंबरठा, तुमच्या प्रश्नावर बौद्ध परंपरा दोन हजार वर्षांपासून झगडतेय. तिथे आत्मा मानतच नाहीत, आणि पुनर्जन्म मात्र मानतात. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद नागसेन या भिक्खूला विचारतो, जो जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. वेगळ्या दिव्याची का? तीही नाही.

सुंदर आहे, पण मला स्वतःला यानं समाधान मिळत नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत हा प्रश्न सरळ मांडलाय : आत्मा नाही तर कर्म कुणाचं, आणि पुनर्जन्म कुणाचा? आणि मागच्या जन्मीचं कर्म या जन्मी भोगायचं, ही कल्पना बुद्धाची असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कारण त्यांना त्या कल्पनेचं टोक दिसत होतं.

इथे मी जरा चिडून लिहिणार आहे, माफ करा. सगळे 'पुरावा आहे का' यात रमलेत, पण ही कल्पना आजवर कशासाठी वापरली गेली ते कोण बोलणार? छांदोग्य उपनिषदात पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे : ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जातात, ज्यांचं वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. कुत्रा, डुक्कर आणि माणूस एका रांगेत! ज्याला तळाशी टाकलं त्यालाच सांगायचं की ही तुझीच करणी. अपंग मूल जन्मलं की त्याच्या आईला सांगायचं, मागच्या जन्मीचं असेल काही. जो अन्याय करतोय त्याच्याकडे बोट जातच नाही. उद्या शंभर कुलपं उघडली तरी हा हिशेब मिटत नाही.

न्यायप्रविष्ट

अनात्म, छांदोग्यातला संदर्भ अचूक आहे, आणि त्यावर सारवासारव मी करणार नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. पुनर्जन्म असणं हा एक दावा, आणि 'आजचं दुःख ही मागची शिक्षा' हा दुसरा. पहिला खरा निघाला तरी दुसरा आपोआप खरा होत नाही. स्टीव्हन्सन यांनाही त्यांच्या प्रकरणांत पाप-पुण्याच्या फळाचा ठोस माग लागला नव्हता.

अनात्म

पुस्तकात वेगळ्या ठेवता येतात. माणसांत कधी वेगळ्या राहिल्यात?

जिना_उतरा

मी स्वतः 'पास्ट लाइफ रिग्रेशन', म्हणजे संमोहनातून मागचा जन्म आठवायचं सत्र, करून आलोय, त्याचं लिहितो. खोलीत मंद उजेड, आरामखुर्ची. बाई अतिशय गोड आवाजात सांगत होत्या : जिना उतरताय, दहा पायऱ्या, खाली एक दार आहे, दार उघडा, पायाकडे बघा, पायांत काय आहे? मी म्हटलं, काही नाही, अनवाणी आहे. 'छान! जमीन कशी आहे?' ते 'छान' ऐकून मला जो हुरूप आला, त्यानंतर मी थांबलोच नाही. वाळू, उंट, तंबू, तलवार, एक दगाबाज चुलता. अश्रूही आले, खोटे नव्हते. घरी येताना गाडीत लक्षात आलं की त्या दगाबाज चुलत्याचा चेहरा माझ्या जुन्या साहेबांचा होता.

हलकं वाटलं हे मात्र कबूल. पुरावा म्हणून शून्य.

खडूसनाना

ब्रायडी मर्फी प्रकरण वाचा. १९५२ साली अमेरिकेत कोलोरॅडोतली एक गृहिणी संमोहनाखाली एकोणिसाव्या शतकातली आयरिश बाई म्हणून बोलायला लागली. १९५६ साली पुस्तक आलं, हातोहात खपलं. मग पत्रकारांनी शोधून काढलं की ती लहानपणी राहायची त्या घरासमोर एक आयरिश बाई राहत होती, आणि त्या बाईचं लग्नाआधीचं नाव ब्रायडी मर्फी होतं. कधीतरी कानावर पडलेलं आत खोल जाऊन बसतं आणि 'माझी आठवण' म्हणून वर येतं. संमोहनानं आठवण सुधारत नाही. आत्मविश्वास तेवढा वाढतो.

रेवा_म

नमस्कार. मी नुसती वाचक, लिहिते आज पहिल्यांदाच. तुमची चर्चा वाचून धीर आला म्हणून.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दोनेक महिन्यांपासून ती 'आधीच्या घरी' असं म्हणते. आम्ही राहती जागा कधी बदललेली नाही. म्हणते, आधीच्या घराचं दार हिरवं होतं आणि त्याला वरच्या बाजूला कडी होती, तिचा हात पोचायचा. 'तेव्हा मी मोठी होते ना.' एकदा मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, 'तू नको, माझी ती आई दुखवत नव्हती.' मी विचारलं, कुठली आई? तर खांदे उडवून खेळायला गेली. ट्रकला घाबरते. मोठा ट्रक आला की दोन्ही हात कानांवर नाही, पोटावर ठेवते.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात शोध घेऊ. नवरा म्हणतो दुर्लक्ष कर. मला खरं सांगायचं तर 'ती आई' या दोन शब्दांनी झोप लागत नाही. मी काय करू? कृपया वाद नको, काय करायचं तेवढं सांगा.

डॉ_रात्रपाळी

रेवाताई, आधी हे की तुमच्या मुलीत काही बिघाड आहे असं यातून अजिबात दिसत नाही. या वयात मुलं स्वप्न, गोष्ट, मोबाइलवर पाहिलेलं आणि खरं घडलेलं यांची सरमिसळ करतात, आणि ते अगदी खात्रीनं सांगतात. अमेरिकेत स्टीफन सेसी यांनी १९९४ साली एक अभ्यास केला. शाळेत न गेलेल्या वयाच्या मुलांना दर आठवड्याला विचारायचं, 'तुझं बोट उंदराच्या सापळ्यात अडकलं होतं, आठवतं का?' तसं घडलेलं नव्हतं. काही आठवड्यांनी निम्म्याहून जास्त मुलं अशा न घडलेल्या घटनांपैकी निदान एक तरी तपशीलवार सांगायला लागली. कोणत्या बोटाला लागलं, दवाखान्यात कोण घेऊन गेलं, सगळं. म्हणून माझा सल्ला एकच : प्रश्न विचारू नका. ती बोलली तर ऐका, 'अस्सं होय' म्हणा, आणि सोडून द्या. ट्रकची भीती वाढत चालली, झोपेवर परिणाम झाला, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

न्यायप्रविष्ट

रेवाताई, मी मानणारा आहे तरी डॉक्टरांशी सहमत. या विषयात काम करणारे जिम टकरही पालकांना साधारण हेच सांगतात : खोदून विचारू नका, रागावू नका, लिहून ठेवा. अशी मुलं बहुधा दोन ते चार या वयात बोलायला लागतात आणि सहा-सात वर्षांची होईपर्यंत विसरतात. तुमची नाराजी तिला दिसली तर मात्र तो विषय तिच्या लेखी मोठा होऊन बसेल.

मावळता_मुसाफिर

सासूबाईंचं ऐका. हिरवं दार, ट्रकचा अपघात, पोटाला मार. एवढ्या खुणा पुरेशा आहेत. माझ्या ओळखीत एक जण असे शोध घेतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

खडूसनाना

मुसाफिर, ट्रकचा 'अपघात' आणि पोटाला 'मार' रेवाताईंनी लिहिलेलाच नाही. वर जाऊन पुन्हा वाचा. त्यांनी लिहिलंय ट्रकला घाबरते आणि हात पोटावर ठेवते. अपघात तुम्ही घातलात, एका प्रतिसादात. मी पहिल्या पोस्टमध्ये जे सांगत होतो ते हेच.

रेवाताई, तुम्ही घाबरू नका. मी खवचट लिहितो, पण हे मनापासून. एक साधी वही करा. तारीख, वेळ, ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत, त्याआधी कुणी काय विचारलं होतं, आसपास कोण होतं, टीव्हीवर काय चालू होतं. अर्थ लावू नका. घरच्यांना दाखवू नका. अशा आधी लिहिलेल्या नोंदी जगात फार थोड्या आहेत. स्टीव्हन्सन आणि शाउटन यांनी १९९८ साली भारत-श्रीलंकेतली तुलना छापली होती, आधी लिहिलेली प्रकरणं फक्त २१, नंतर लिहिलेली ८२. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या २१ मध्येही बरोबर निघालेल्या विधानांचं प्रमाण दुसऱ्या गटाएवढंच होतं, तीन-चतुर्थांशाच्या आसपास. ते मला गैरसोयीचं आहे. २१ फार कमी आहेत असं म्हणून मी सध्या वेळ मारून नेतो.

नचिकेत_दुसरा

नानांनी 'गैरसोयीचं' लिहिलं! धागा सार्थकी लागला.

उंबरठा

रेवाताई, शोध घ्यायचा की नाही हे ठरवताना एक प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा. शांतीदेवी, जन्म दिल्लीत, १९२६. चौथ्या वर्षाच्या सुमारास मथुरेतला नवरा, मथुरेतलं घर सांगायला लागली. बाळंतपणानंतर वारलेल्या एका बाईचं वर्णन तिच्याशी जुळलं. प्रकरण इतकं गाजलं की १९३५ साली गांधीजींच्या पुढाकारानं समिती नेमली गेली आणि मुलीला घेऊन समिती मथुरेला गेली. समितीनं अनुकूल अहवाल दिला, विरोधात लिहिणारेही निघाले. तो वाद बाजूला ठेवू. मला लागलेली गोष्ट दुसरीच आहे. नऊ वर्षांच्या मुलीसमोर एक मोठा माणूस 'नवरा' म्हणून आणि जवळजवळ तिच्याच वयाचा मुलगा 'मुलगा' म्हणून उभा केला गेला. आयुष्यभर ती त्या कहाणीच्या मुलाखती देत राहिली. लग्न केलं नाही. १९८७ साली गेली. दावा खरा असो की खोटा, तिच्यापुरता हा जन्म त्या जन्मानं खाल्ला.

रेवा_म

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, 'राहू दे शोध.' मुसाफिरजी, व्यनिबद्दल धन्यवाद, पण नको.

वही केली. नानांनी सांगितलं तशीच लिहितेय, आसपास कोण, टीव्हीवर काय, सगळं. एक शंका आहे. काल ती म्हणाली, आधीच्या घरी तिच्याकडे एक डायनासोर होता आणि तो जिन्याखाली झोपायचा. हेसुद्धा लिहायचं? की हे उघड उघड कल्पनेतलं म्हणून सोडून देऊ?

खडूसनाना

लिहायचं. हिरव्या दाराच्याच पानावर, तशाच अक्षरात. आणि रंग विचारू नका त्याचा.